एकाच रानात एक पट्टा सुकतो, दुसरा चिबडतो: पाणी वाढवण्याआधी काय तपासायचं

फेब्रुवारी लागला की फोन सुरू होतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ड्रीप नवीन आहे, पाणी सगळीकडं सारखं सोडतोय, तरी मधला पट्टा दुपारी माना टाकतो." ऑगस्टात बोलणं उलटं असतं. "पाऊस उघडून चार दिवस झाले, शेजारच्या रानात वापसा (मशागतीजोगी ओल) आला, आमच्या खालच्या कोपऱ्यात अजून पाय रुततोय." गंमत म्हणजे बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच रानाबद्दल असतात, एक पट्टा सुकतो आणि दुसरा चिबडतो, म्हणजे तिथं पाणी तुंबून राहतं; आणि बोलणारा माणूसही तोच असतो.

सोलापूर जिल्ह्यात ठिबक बसवता बसवता मी पाण्याच्या पाळ्या ठरवून द्यायच्या कामात शिरलो, आणि हा एक बिघाड इतक्यांदा पाहिला की आता बांधावर उभं राहिल्यावर अर्धा अंदाज येतो. पण तो अंदाज फुकट आलेला नाही. माझ्या स्वतःच्या तीन एकरांत उत्तरेकडचा पट्टा सुकायचा म्हणून मी दोनदा लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) बदलल्या, मोटार मोठी केली, वर त्या पट्ट्याला रोज तासभर पाणी जास्त दिलं. शेवटी एक दिवस चिडून तिथं पहार मारली, तर वीतभर माती संपली की खाली खणखणीत मुरूम. पाणी मी देत होतो, पण ते ठेवायला तिथं भांडंच नव्हतं.

खालच्या तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्या आधी, अवघड आणि खर्चाच्या नंतर अशा ओळीनं दिल्या आहेत. ही ओळ मोडू नका. खड्डा खणल्यावर कळतं की फिल्टर चोंदला होता, असं माझ्यासमोर झालेलं आहे.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढं वाचा.

- पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत ठरावीक पट्टा दुपारी कोमेजतो, संध्याकाळी सावरतो. बाकीचं पीक आठवडाभर टवटवीत.
- दुसऱ्या जागी माती ओली असूनही पानं पिवळी, वाढ खुंटलेली, लव्हाळा मात्र जोरात. ड्रीपरखाली हिरवं शेवाळ.
- वर चार बोटं चिखल आणि खाली खुरपं घातलं तर कोरडी ठिक्कर माती. किंवा उलटं: वर भेगा पडल्यात आणि हातभर खाली ओल शाबूत.
- पाऊस थांबल्यावर एकाच खळग्यात दोन-तीन दिवस गढूळ पाणी. ते गढूळच राहतं, निवळत नाही.
- सकाळी मातीवर पांढरी बुरशीसारखी पूड, किंवा काळपट तेलकट पापुद्रा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांच्याकडं पुढं येतो.
- सेन्सर बसवलाय, तो "ओल ठीक" म्हणतोय आणि पीक ऐकत नाहीये.

आधी एकच प्रश्न: जागा बदलते का?

याला पैसा लागत नाही, फक्त आठवण लागते. सुकणारी जागा गेल्या वर्षी कुठं होती? त्याआधी, दुसरं पीक असताना? पट्टा दर हंगामात तिथंच असेल तर दोष बहुतेक मातीत आहे. या वर्षी इथं, मागल्या वर्षी तिथं असं असेल, किंवा पट्टा बरोबर एका लॅटरलच्या रेषेत सरळ जात असेल, तर दोष नळीत शोधा. माती सरळ रेषेत बदलत नाही. तिच्या कडा वाकड्या, पसरट असतात. सरळ कड दिसली की ते माणसाचं काम: नळी, जुना बांध, बुजवलेली चारी, नाहीतर खताचा चुकलेला हप्ता.

आठवत नसेल तर घरातल्या थोरांना विचारा. आपल्याकडं रानांना उगाच नावं पडलेली नाहीत. "चिबडाचा तुकडा", "खडकी", "माळाकडचं" ही नावं ठिबक यायच्या कितीतरी आधीची आहेत, आणि ती मातीचा अहवालच आहेत. मोबाइलवरच्या नकाशात उपग्रहाचं चित्र उघडलं तर उन्हाळ्यातल्या नांगरलेल्या रानात फिकट आणि गडद डाग स्पष्ट दिसतात. फिकट म्हणजे बहुधा उथळ, मुरमाड किंवा चुनखडीचं. गडद म्हणजे खोल काळं. एका मिनिटाचं काम आहे.

नळ्या आणि दाब

सहा मिनिटं ड्रीपरखाली डबा ठेवा. जमलेलं पाणी मोजून त्याला दहानं गुणा. ताशी किती लिटर ते कळलं. सबमेनजवळ (लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या पाइपाजवळ), मध्यात आणि शेवटच्या टोकाला, अशा चांगल्या आणि वाईट पट्ट्यातल्या किमान बारा ड्रीपरवर हे करा. चांगल्या आणि वाईट जागेत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मातीला दोष देऊ नका. फिल्टर धुवा, लॅटरलची टोकं उघडून फ्लश करा, दाब बघा. साध्या ठिबकला लॅटरलमध्ये चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो दाब लागतो.

ही तपासणी पहिली यासाठी की पुढच्या सगळ्या तपासण्या "पाणी सारखं पडतंय" हे धरून चालतात. ते धरणंच चुकलं तर मातीचं कितीही बारीक निदान वाया. (क्षार साचून ड्रीपर बंद झाले असतील तर आम्लप्रक्रिया ठिबकवाल्याकडून शिकून घ्या. नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही.)

पाणी सारखं पडत असेल तर पुढं.

पहार किंवा सळई

पाणी देऊन चोवीस तास झाले की टोकदार सळई किंवा पहार घेऊन रानात आडवं चाला. दर दहा पावलांवर अंगाच्या साध्या भारानं ती किती खाली जाते ते पाहा आणि कागदावर लिहा. ओल्या मातीत सळई लोण्यासारखी जाते. ओल संपली, कठीण थर आला किंवा मुरूम लागला की थांबते, आणि या तिन्हीचा हाताला लागणारा अनुभव वेगळा असतो. मुरमावर ती खरखरते. कठीण थराला दाबल्यासारखी अडते आणि जोर दिल्यावर एकदम खाली जाते. नुसत्या कोरड्या मातीत हळूहळू जड होत जाते.

वीतभर खोलीवर, म्हणजे साधारण 15 ते 25 सेंटीमीटरवर, सगळीकडं सारखीच अडत असेल तर तो बहुतेक आपणच बनवलेला थर. दरवर्षी त्याच खोलीवर नांगर, मग ओल्या रानात रोटर (रोटाव्हेटर), वरून ट्रॅक्टरचं वजन. या थरातली मोठी छिद्रं दबून जातात. पावसाळ्यात पाणी त्याच्यावर साचतं, उन्हाळ्यात मुळं त्याच्याखाली जात नाहीत. म्हणून एकच रान दोन्ही ऋतूंत रडतं. मी तर म्हणेन की वापसा यायच्या आधी रानात घातलेला रोटर हा आमच्या भागातला सगळ्यात महागडा शेतीखर्च आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही.

मूठभर माती

चांगल्या आणि वाईट जागेतली मूठभर माती घ्या. खडे काढा, पाणी घालून कणकेसारखी मळा, अंगठा आणि तर्जनीत दाबून तिची पट्टी काढा. इंचभर व्हायच्या आधी तुटली तर माती हलकी किंवा मध्यम. एक ते दोन इंच आली तर चिकणमातीकडं झुकणारी. दोन इंचांपेक्षा लांब, चकचकीत पट्टी आली तर भारी काळी. काढलेले खडेही फेकू नका, अंदाज घ्या: मातीच्या आकारमानात चाळीस टक्के खडे असतील तर पाणी धरणारी माती फक्त साठ टक्केच आहे.

आता हिशोब. सगळं प्रकरण या हिशोबात आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

हलकी मुरमाड माती एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं पाणी ढोबळमानानं 80 मिलिमीटर धरते. भारी काळी 180 च्या आसपास. पण हलकी माती बहुतेक वेळा उथळही असते. समजा मुरमाड पट्ट्यात 25 सेंटीमीटर माती आहे: तिच्यात 20 मिलिमीटर पाणी. काळ्या पट्ट्यात मुळं 60 सेंटीमीटर गेली: 108 मिलिमीटर. साठ्यातलं निम्मं संपलं की पिकाला ताण जाणवू लागतो असं धरू. म्हणजे वापरायला एकीकडं 10 आणि दुसरीकडं 54 मिलिमीटर. उन्हाळ्यात पीक रोज 5 मिलिमीटर पाणी ओढतं. मुरमाड पट्टा दोन दिवसांत रिकामा, काळा पट्टा जवळपास अकरा दिवस निवांत.

आणि आपण दोन्हींना एकाच व्हॉल्व्हवरून चार दिवसांआड पाणी देतो! चौथ्या दिवशी पट्टा सुकलेला दिसतो म्हणून वेळ वाढवतो. मुरमाड पट्ट्यात जास्तीचं पाणी खाली निघून जातं, सोबत युरियाही नेतं. काळ्या पट्ट्यात तेच जास्तीचं पाणी मुळांतली हवा हाकलून देतं. पाणी वाढवलं की दोन्ही बाजूंचं नुकसान वाढतं. एका एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4 हजार लिटर, हे ध्यानात घेतलं तर बोअरचं पाणी कुठं जातंय ते कळेल.

पाणी मातीत शिरायचा वेगही असाच वेगळा. वाळूसर मातीत तासाला 30 मिलिमीटर किंवा जास्त मुरतं, भारी चिकणमातीत 1 ते 5. ताशी 4 लिटरचा ड्रीपर घ्या. जमीन तासाला 4 मिलिमीटर मुरवत असेल तर ते पाणी जिरायला 1 चौरस मीटर जागा लागते. तेवढी जागा एका ड्रीपरच्या वाट्याला नसतेच. मग पाणी पसरतं, शेजारच्या ड्रीपरच्या पाण्याला मिळतं, उताराकडं चालू लागतं. तोच ड्रीपर 30 मिलिमीटर मुरवणाऱ्या मातीवर ठेवला तर दीड फूट रुंदीचं वर्तुळसुद्धा भिजत नाही, पाणी सरळ खाली. म्हणून काळ्या रानात कमी प्रवाहाचे ड्रीपर लांब लांब चालतात, आणि मुरमाड रानात ते जवळजवळ लागतात आणि पाणी थोडं थोडं पण वारंवार द्यावं लागतं.

दोष इथंच सापडला तर खर्च फारसा नाही. त्या पट्ट्याला वेगळा व्हॉल्व्ह टाका. मी माझ्या रानात शेवटी तेच केलं.

तेच रान, जून आणि ऑगस्ट

काळ्या मातीची ओल ही महिन्यागणिक वेगळी वागते, आणि हे विसरलं की निदान चुकतं. उन्हाळ्यात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला दणका आला की पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. वर दोन बोटं ओल, मधे कोरडं, आणि खाली दोन-तीन फुटांवर ओलं असा उलटा प्रकार दिसतो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि जी जमीन जूनमध्ये तासाभरात सगळं पीत होती ती ऑगस्टमध्ये तासाला दोन-तीन मिलिमीटरवर येते. तोच पाऊस, तेच रान, पण आता पाणी वाहतं किंवा तुंबतं. "आमचं रान यंदाच चिबडलं" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणत्या महिन्यात बघितलंत?

मुरमाड रानाला असला इतिहास नसतो. ते आजचा पाऊस आज घेतं आणि परवा विसरतं. काळं रान मात्र हस्ताचं पाणी जानेवारीपर्यंत लक्षात ठेवतं. मंगळवेढ्याकडची ज्वारी त्या आठवणीवरच उभी असते. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" हे जुनी माणसं म्हणायची त्यामागंही हेच आहे: कोळप्यानं वरचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात, आणि खालची ओल भेगेच्या दोन्ही भिंतींवरून उडून जायची थांबते. ठिबक आल्यावर कोळपं गेलं, भेगा मात्र राहिल्या.

यातून तपासणीचा एक नियम निघतो. चांगली आणि वाईट जागा एकाच दिवशी, पाण्यानंतर तितक्याच तासांनी बघा. सोमवारचं इकडचं आणि गुरुवारचं तिकडचं जुळवू नका.

ढेकूळ पाण्यात

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. दोन काचेचे ग्लास, त्यांत पावसाचं किंवा आरओचं पाणी. विहिरीचं किंवा बोअरचं नको. त्यातले क्षार खरा निकाल लपवतात. चांगल्या आणि वाईट जागेतलं वाळलेलं, हरभऱ्याएवढं ढेकूळ एकेका ग्लासात अलगद सोडा. हलवू नका. दहा मिनिटांनी बघा, दोन तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी बघा.

ढेकूळ शाबूत राहिलं तर उत्तम. सुटून बारीक तुकड्यांचा ढीग झाला पण पाणी स्वच्छ राहिलं तर मातीत सेंद्रिय कर्ब कमी आहे, पावसाच्या माऱ्यानं ती वरून बसते, पापुद्रा धरते. शेणखत, ताग, पाचट, असला इलाज. पण ढेकळाभोवती दुधासारखं वलय धरलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहिलं, तर सावध व्हा. ती चोपण माती आहे. तिच्यात सोडियम जास्त झालाय. सोडियममुळं चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होतात आणि मातीतली छिद्रं बुजवून टाकतात. रानातल्या खळग्यातलं पाणी निवळत नव्हतं ना? ते याच कारणानं.

इथंच पांढरी पूड आणि काळा पापुद्रा वेगळे करायचे. पांढरी पूड म्हणजे क्षार वर आलेत, क्षारपड. अशा मातीत पाणी बहुधा मुरतं, पण क्षारांमुळं मुळांना ते ओढता येत नाही; ओल्या मातीत पीक तहानलेलं. काळा तेलकट पापुद्रा म्हणजे चोपण. सोडियमनं विरघळलेला ह्यूमस (मातीतला कुजलेला सेंद्रिय अंश) वर आलाय. पहिल्यात क्षार धुऊन काढायला निचरा लागतो. दुसऱ्यात आधी जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) आणि मग निचरा. पहिल्याला जिप्सम टाकून उपयोग नाही आणि दुसऱ्याला नुसतं पाणी सोडून धुवायला गेलात तर माती आणखी घट्ट बसते. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आणि इकडं सांगली-कोल्हापूरकडची कृष्णाकाठची क्षारपड रानं एकाच नावानं ओळखायची सवय लागली आहे, ती मोडा.

प्रयोगशाळेच्या भाषेत विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) 15 टक्क्यांवर गेला की जमीन चोपण म्हणतात. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. म्हणून अहवालात 9 किंवा 10 टक्के दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, ग्लासातलं दूध खरं धरा.

खड्डा

इथपर्यंत कारण हाती लागलं नसेल, किंवा लागलंय पण किती खोल ते कळत नाही, तर घाम गाळावा लागेल. दोन खड्डे. एक वाईट जागेत, एक चांगल्या. दोन फूट रुंद, तीन फूट खोल. एकच खड्डा खणून काही कळत नाही, कारण तुलनेला काही नसतं. ही चूक मी सुरुवातीला बऱ्याचदा केली.

खड्ड्याची भिंत खुरप्यानं खरवडून ताजी करा आणि बघा. मुळं कुठपर्यंत गेलीत, आणि कुठं काटकोनात वळलीत. वळली तिथं कठीण थर. मातीत गंजासारखे तांबूस ठिपके आणि राखाडी-निळसर डाग आहेत का? असतील तर त्या खोलीवर वर्षातला बराच काळ पाणी तुंबतं, आज कोरडी दिसली तरी. सडक्या अंड्यासारखा वास आला तर शंकाच नको. पांढरे खडे, चुनखडीचा थर लागतो का? बारीक करून त्यावर व्हिनेगर टाकलं आणि बुडबुडे आले तर चुना आहे. तो घट्ट थर असेल तर पाणी आणि मुळं दोन्ही अडवतो.

आणि एक गोष्ट जी लोकांना पटत नाही. 2017 पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत तलावातला गाळ माळरानावर टाकायला लोकांनी मनापासून सुरुवात केली. चांगलंच काम आहे. पण बऱ्याच जणांनी मुरमावर फूटभर गाळ पसरला आणि तसाच ठेवला. आमच्या शेजाऱ्यांनी त्यावर कांदा केला, आणि ऐन पावसात तो सडला. ते म्हणाले, "खाली मुरूम आहे, पाणी तुंबेल कसं? मुरूम तर चाळणी." उत्तर असं की बारीक मातीतली छिद्रं बारीक, ती पाणी घट्ट धरून ठेवतात. खालच्या मुरमातली छिद्रं मोठी, त्यांच्यात पाणी ओढून घ्यायची ताकद नाही. म्हणून वरचा थर पूर्ण भरून टपकायला लागेपर्यंत पाणी खाली उतरत नाही. ओला पंचा खडीवर पसरून बघा. खडी कितीही मोकळी असली तरी पंचा ओलाच राहतो. गाळ आणि मुरूम खोल नांगरून एकमेकांत मिसळले असते तर ती कड राहिली नसती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तसं केलं.

खणून झाल्यावर खड्ड्यात पाणी ओता, जिरू द्या, पुन्हा ओता आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजा. दुसऱ्यांदा ओतलेल्या पाण्याचाच आकडा धरायचा. पहिलं पाणी कोरडी माती पितेच. आणि काही न ओतता रात्रीत खड्ड्यात आपोआप पाणी आलं तर हातातलं फावडं ठेवा आणि शेवटचा भाग वाचा.

मोजमाप आणि सेन्सर

हा भाग शेवटी, कारण यंत्रं महाग आहेत आणि वरचं काही न करता त्यांचे आकडे वाचणं म्हणजे निव्वळ फसगत.

घरच्या घरी करायचं तर दोन्ही जागांची शंभर-शंभर ग्रॅम ओली माती तव्यावर मंद आचेवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. उडालेल्या पाण्याला वाळलेल्या मातीच्या वजनानं भागा. प्रयोगशाळेत हेच 105 अंशांच्या भट्टीत चोवीस तास करतात. हे पाणी दिल्यापासून एक दिवसाआड, तीन आठवडे, वरच्या आणि खालच्या अशा दोन थरांतल्या मातीवर करा. कागदावर दोन वक्र उभे राहतात: मुरमाड माती धाडकन खाली येते, काळी रेंगाळते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पाळी कुणी सांगावी लागत नाही.

टक्केवारी वाचणाऱ्या सेन्सरबद्दल एवढंच: 25 टक्के ओल ही पोयट्याच्या (मध्यम) मातीत आरामाची आहे, आणि भारी काळ्या मातीत पीक कोमेजायच्या जवळची. आकडा एकच. चिकणमाती पाणी धरते खरं, पण त्यातलं बरंच ती पिकाला देत नाही. म्हणून पाणी किती आहे यापेक्षा ते ओढायला मुळाला किती जोर लागतो हे दाखवणारा टेन्शिओमीटर मला जास्त पटतो. हलक्या रानात 20-25 सेंटीबारला (सेंटीबार हे त्या जोराचं माप) पाणी सुरू करा, भारी रानात 40-50 पर्यंत थांबता येतं. 80 च्या पुढं त्यात हवा शिरते आणि आकडा खोटा होतो. काळ्या रानात भेग पडून मातीनं त्याच्या टोकाशी संबंध तोडला, की तो काहीच्या बाही दाखवतो. बसवताना ओल्या मातीचा रबडा करून टोकाभोवती भरा, भेगेजवळ बसवू नका.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

खड्ड्यात तीन फुटांच्या आत आपोआप पाणी येत असेल तर तो तुमच्या एका रानाचा प्रश्न नाही. वरच्या कालव्याचं, तलावाचं किंवा शेजाऱ्यांच्या उसाचं पाणी तुमच्याकडं झिरपतंय. सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा करायचा तर उताराचं लेव्हल सर्वेक्षण, दोन पाइपांतलं अंतर आणि पाणी सोडायची जागा हे सगळं आराखड्यातून यावं लागतं. जेसीबीवाल्याच्या अंदाजानं खोदलेली चारी दोन पावसाळ्यांत बुजते. शिवाय पाणी ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या शेतकऱ्यांची संमती लागते, ते काम एकट्याचं नाही.

ग्लासात दूध दिसलं तर जिप्समची पोती आणायच्या आधी माती प्रयोगशाळेत द्या. जिप्सम एकरी किती हे सोडियमवर आणि मातीच्या खोलीवर ठरतं, शेजाऱ्यानं किती टाकलं यावर नाही. एक लक्षात ठेवा: 2015 पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्यं वगैरे. त्यांत मातीचा पोत नाही, खोली नाही आणि विनिमययोग्य सोडियमही नाही. म्हणजे आपल्या या बिघाडाला लागणारं बरंचसं त्यात नसतं. तेव्हा वेगळं मागा: पोत, विनिमययोग्य सोडियम, मुक्त चुना. सोबत बोअरच्या पाण्याचीही तपासणी करा. पाणीच सोडियमचं असेल तर जिप्सम दरवर्षी टाकत बसाल. जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरी, परभणी, अकोला, दापोली यांपैकी तुमच्या भागाचं कृषी विद्यापीठ हे करून देतं किंवा कुठं होईल ते सांगतं.

कठीण थर फोडायला सबसॉयलर (खोलवर जाणारा नांगर) एप्रिल-मेमध्ये, रान खोलवर कोरडं असतानाच. ओल्या काळ्या मातीत तो थर फोडत नाही, लोण्यात सुरी फिरवल्यासारखी चीर पाडतो आणि ती मिटते. आणि उभ्या डाळिंब-द्राक्षाच्या बागेत तो स्वतःच्या मतानं घालू नका, मुळं तुटून बाग बसलेली मी पाहिली आहे. तिथं बागेतल्या जाणकाराला आधी खड्डा दाखवा.

बोलावताना हे हाताशी ठेवा: ड्रीपरची मोजलेली आकडेवारी, सळई कुठं किती खोल गेली तो कागद, दोन्ही खड्ड्यांचे उजेडात काढलेले आणि शेजारी टेप ठेवलेले फोटो, पट्टा कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात दिसला त्याची यादी, आणि शेवटचं पाणी कधी दिलं ती तारीख. एवढं असेल तर येणारा माणूस पहिला दिवस पाइप तपासण्यात घालवत नाही. आणि तो येईपर्यंत त्या पट्ट्याचं पाणी वाढवू नका.